ऑफ-रोड गाडीचं स्टिअरिंग मजबूत करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टिअरिंगबद्दल बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो "कोणता टाय रॉड घेऊ?" हा. (टाय रॉड म्हणजे पुढची चाकं वळताना त्यांना जुळवून धरणारा दांडा.) त्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात: गाडीत काय सैल झालंय, कुठला कोन बिघडलाय आणि काय वाकतंय. खालची उत्तरं याच क्रमाने आहेत: आधी ढिलाई काढा, मग कोन सरळ करा, ताकद शेवटी वाढवा. हा क्रम उलटा केला तर जाडजूड रॉड बसवूनही गाडी पूर्वीसारखीच भटकते. असं झालेल्या गाड्या मी इतक्या पाहिल्या आहेत की हे पान लिहावंसं वाटलं.

कंपनीचं स्टिअरिंग चांगलंच असतं ना? मग ते अपुरं का पडतं?

चांगलंच असतं, पण ते मूळ टायर आणि मूळ रिमच्या हिशेबाने बनवलेलं असतं. ३१ इंची टायरच्या जागी ३५ किंवा ३७ इंची टायर आला की वजन वाढतं आणि जमिनीवरची पकडही वाढते. उभ्या गाडीत तो टायर दगडावर फिरवायला लागणारा जोर मग कितीतरी जास्त होतो.

रिमचा परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. चाक वळतं ते वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून (चाकाला वळू देणाऱ्या गोल सांध्यांमधून) जाणाऱ्या तिरक्या रेषेभोवती. ही रेषा जमिनीला टेकते तिथपासून टायरच्या ठशाच्या मध्यापर्यंतच्या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. रिम बाहेर काढली किंवा स्पेसर लावले की हे अंतर वाढतं. मग टायरला बसलेला प्रत्येक धक्का लांब तरफेने टाय रॉडवर येतो. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून चाकं बाहेर काढणाऱ्यांनी एवढं समजून घ्यावं की त्या रुबाबाचा भार स्टिअरिंग उचलतं.

तिसरं कारण डिफरन्शियल लॉकर, म्हणजे ॲक्सलच्या दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरायला लावणारी यंत्रणा. दोन दगडांच्या फटीत टायर अडकलाय, लॉकर चालू आहे आणि तुम्ही पॉवर स्टिअरिंगच्या जोरावर चाक वळवताय. त्या क्षणी सगळा जोर सव्वा-दीड मीटर लांबीच्या एका दांड्यातून जातो.

माझ्या गाडीत कोणत्या प्रकारचं स्टिअरिंग आहे?

समोरून खाली वाकून पाहा. दोन्ही चाकांना जोडणारी एकच जाड नळी आणि मध्ये डिफरन्शियलचा गोळा दिसला, तर तो सॉलिड ॲक्सल. जीप रँग्लर, सुझुकी जिमनी, इनिऑस ग्रेनेडिअर आणि टोयोटा लँड क्रूझर ७० मालिका या प्रकारात येतात. यांत स्टिअरिंग बॉक्स असतो. त्यातून खाली पिटमन आर्म नावाचा छोटा दांडा येतो, त्यापासून चाक वळवणारी ड्रॅग लिंक निघते आणि दोन चाकांमध्ये टाय रॉड असतो.

चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होत असतील, तर ते इंडिपेंडंट सस्पेन्शन. २०२१ पासूनची फोर्ड ब्रॉन्को, २०२० ची महिंद्रा थार आणि नवी लँड रोव्हर डिफेंडर इथे मोडतात. मर्सिडीज जी-क्लासनेही २०१८ मध्ये पुढचा सॉलिड ॲक्सल सोडला. यांत रॅक अँड पिनियन असतो आणि रॅकच्या दोन टोकांना छोटे टाय रॉड. दोन्ही प्रकारांच्या दुखण्यांची जागा वेगळी असते, म्हणून एकासाठी दिलेला सल्ला दुसऱ्याला सरसकट लावू नका.

ढिलाई नेमकी कुठे आहे, हे घरच्या घरी कसं शोधायचं?

दोन माणसं आणि दहा मिनिटं पुरतात. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करा. जॅकवर घेऊ नका, कारण चाकांवर भार असतानाच ढिलाई उघडी पडते. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये ठेवा आणि इंजिन चालू करा. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं, पण झटक्याने हलवत राहायचं. दुसऱ्याने बाजूने, चाकांच्या वाटेत न येता, एकेक सांधा पाहायचा आणि बाहेरून बोट ठेवून जाणवून घ्यायचा. बोट दोन भागांच्या फटीत घालू नका.

पाहायचं असं. ट्रॅक बारचा (ॲक्सलला मधोमध धरणाऱ्या आडव्या दांड्याचा) बोल्ट त्याच्या भोकात सरकतोय का? सरकत असेल, तर भोक लंबगोल झालं असण्याची शक्यता मोठी. ट्रॅक बारच्या रबरी बुशमध्ये दांडा इकडेतिकडे होतोय का? टाय रॉड एंडचा (टाय रॉडच्या टोकाच्या सांध्याचा) खांब वर-खाली उचलला जातोय का? पिटमन आर्म फिरण्याआधी स्टिअरिंग किती फिरतं? स्टिअरिंग बॉक्स चासीवर हलतोय का? शेवटी ज्या जॉइंटमधून स्टिअरिंगचा शाफ्ट बॉक्समध्ये शिरतो, तोही हाताने चाचपून पाहा. बॉक्स खराब म्हणून बदलायला निघालेल्या गाडीत बऱ्याचदा या जॉइंटचा साधा बोल्ट ढिला निघतो.

यानंतर गाडी जॅकवर घ्या. टायर वर आणि खाली धरून हलवा, मग डावीकडे आणि उजवीकडे धरून हलवा. वर-खाली धरल्यावर खेळ जाणवला, तर शंका बॉल जॉइंटवर किंवा हबच्या बेअरिंगवर. जिमनीसारख्या गाडीत किंगपिनच्या बेअरिंगवर.

खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग हातात भयंकर थरथरतं. स्टिअरिंगचा डँपर (धक्के शोषणारा छोटा शॉक ॲब्झॉर्बर) बदलला की थांबेल ना?

थांबेल, काही दिवस. मग परत सुरू होईल, आणि आधीपेक्षा वाईट.

याला डेथ वॉबल म्हणतात आणि तो मुख्यतः सॉलिड ॲक्सलच्या गाड्यांना होतो. बहुतेकदा ताशी ६० ते ९० किमीच्या वेगात एखाद्या सांध्यावर किंवा खड्ड्यावर चाक आदळतं आणि दोन्ही चाकं डावी-उजवीकडे फडफडायला लागतात. प्रत्येक फेरी पुढच्या फेरीला जोर देते, त्यामुळे थरथर आपोआप विझत नाही. अशा वेळी स्टिअरिंग घट्ट धरा, जोरात झुंजू नका आणि वेग हळूहळू कमी करत बाजूला थांबा.

कारण जवळपास नेहमीच सैल सांध्यात असतं. माझा पहिला संशय ट्रॅक बारवर जातो: बुश, बोल्ट आणि बोल्टाचं भोक. त्यानंतर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, कंट्रोल आर्मचे (ॲक्सलला पुढे-मागे धरणाऱ्या दांड्यांचे) बुश. टायरचं बॅलन्सिंग बिघडलेलं असेल किंवा कॅस्टर (वळणाच्या रेषेचा मागचा झुकाव) कमी असेल, तर या ढिलाईला पेटायला ठिणगी मिळते. डँपर फक्त ती थरथर दाबतो. माझं स्पष्ट मत असं की डँपर काढूनही गाडी सरळ आणि शांत चालली पाहिजे. तसं झालं की नवा डँपर लावा, तो टायरवर बसणारे दगडांचे फटके शोषून घेईल. नायट्रोजन भरलेला डँपर दांड्याला सतत बाहेर ढकलत असतो, त्यामुळे गाडी किंचित एका बाजूला ओढते. हा दोष अलाइनमेंटचा नाही, एवढं ध्यानात ठेवा.

लिफ्ट केल्यापासून (सस्पेन्शन उंच केल्यापासून) गाडी उसळली की आपोआप वळते. काय बिघडलं?

कोन बिघडले. सॉलिड ॲक्सलच्या गाडीत ट्रॅक बार ॲक्सलला चासीखाली मधोमध धरून ठेवतो आणि ड्रॅग लिंक चाक वळवते. दोन्ही दांडे एका टोकाला चासीकडे आणि दुसऱ्या टोकाला ॲक्सलकडे असतात. ॲक्सल वर-खाली होताना दोघांची टोकं कमानीत फिरतात. दांडे समांतर आणि साधारण सारख्या लांबीचे असतील, तर दोन्ही कमानी जुळतात आणि स्टिअरिंगला काही कळत नाही. एकाचा कोन बदलला आणि दुसऱ्याचा तसाच राहिला, की प्रत्येक उसळीला ड्रॅग लिंक चाकाला ढकलते किंवा ओढते. याचं नाव बंप स्टिअर.

लिफ्टने दोन्ही दांडे तिरके होतात, आणि ते एकत्र तिरके झाले तर निभावतं. गोंधळ होतो तो एकालाच हात लावल्यावर. कुणी खाली वाकवलेला पिटमन आर्म लावतो आणि ट्रॅक बार तसाच ठेवतो. कुणी ट्रॅक बारचं ॲक्सलकडचं टोक उंच करतो आणि ड्रॅग लिंक विसरतो. खाली वाकवलेल्या पिटमन आर्मचा आणखी एक तोटा म्हणजे बॉक्सच्या सेक्टर शाफ्टवरची (पिटमन आर्म ज्यावर बसतो त्या शाफ्टवरची) तरफ लांबते आणि शाफ्टवर जास्त ताण येतो. जास्त लिफ्टच्या गाडीत मला ड्रॅग लिंक नकलच्या (चाकाला धरणाऱ्या, त्याच्यासोबत वळणाऱ्या भागाच्या) वरच्या बाजूने जोडणं, म्हणजे फ्लिप करणं, अधिक पटतं. त्यासाठी नकलचं निमुळतं भोक मोठं करून त्यात निमुळती स्लीव्ह बसवावी लागते, आणि ट्रॅक बारचं ॲक्सलकडचं टोकही तेवढंच उंच करावं लागतं. एकटं फ्लिप म्हणजे नवा बंप स्टिअर.

दुसरा बिघडणारा कोन कॅस्टर. वळणाची रेषा बाजूने पाहिल्यावर मागे झुकलेली असते, त्यामुळे चाक सोडल्यावर परत सरळ येतं. लिफ्ट केल्यावर कंट्रोल आर्म खाली झुकतात, ॲक्सल पुढे फिरतो आणि हा झुकाव कमी होतो. मग गाडी महामार्गावर भटकते आणि वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून परतत नाही. कमी-जास्त करता येणारे कंट्रोल आर्म किंवा खाली आणणारे ब्रॅकेट लावून कॅस्टर परत मिळवता येतो. पण तो वाढवताना डिफरन्शियलचं पिनियन खाली झुकतं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. या ओढाताणीत मधला आकडा शोधावा लागतो आणि तो प्रत्येक गाडीत वेगळा निघतो.

टाय रॉड पोलादी घ्यावा की ॲल्युमिनियमचा?

दोन्ही चालतात. पण आकडे समजून घ्या, कारण जाहिरातीत फक्त "मजबूत" एवढंच लिहिलेलं असतं.

टाय रॉड बहुतेकदा दाबाखाली वाकून जातो, ताणून तुटत नाही. म्हणून इथे ताठरपणा महत्त्वाचा, आणि तो व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ३२ मिमीचा भरीव दांडा ३८ मिमीचा केला, तर ताठरपणा जवळपास दुप्पट होतो. आतून पोकळ नळी घेतली तरी फारसं बिघडत नाही. ३८ मिमीच्या नळीची भिंत ६ मिमी असेल, तर वजन भरीव दांड्याच्या निम्म्याच्या आसपास येतं आणि ताठरपणा पाऊण भागाहून अधिक उरतो. दांड्यातला बाहेरचा थर सगळ्यात जास्त काम करतो, म्हणून.

ॲल्युमिनियमचा ताठरपणा पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश. मग लोक ७०७५ मिश्रधातूचे रॉड का लावतात? कारण तो जास्त वाकतो आणि परत सरळ होतो. त्याच व्यासाचा साधा पोलादी दांडा ज्या वाकण्यात कायमचा वाकडा होतो, त्याहून खूप जास्त वाकूनही तो मूळ जागी येतो. दगडांमधून जाणाऱ्यासाठी हा मोठा गुण आहे. म्हणूनच हे रॉड चांगले जाड बनवतात. तोटेही आहेत: धारदार दगडाने त्याला खोल चरे पडतात, पोलादी एंडच्या आट्यांशी गंज धरतो आणि आटे झिजतात. बसवताना आट्यांना अँटी-सीझ लावा, आणि खोल चरा दिसला तर रॉड बदला, कारण चीर त्याच जागी सुरू होते.

मी स्वतः जाड भिंतीची पोलादी नळी निवडतो. ती वाकली तर डोळ्यांना दिसतं, आणि वाकलेली नळी चाकं पकडून ठेवते. डोंगरात मला हेच हवं असतं.

हाइम जॉइंट की साधे टाय रॉड एंड?

रोजच्या वापराच्या गाडीला साधे, पण जाड खांबाचे टाय रॉड एंड. त्यांना रबरी बूट असतो, ग्रीस आत राहतं, धूळ बाहेर. हाइम जॉइंट, म्हणजे धातूच्या कड्यात फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा, ताकदीचा असतो आणि जास्त कोनात फिरतो, पण उघडा असतो. धूळ-चिखलात लवकर झिजतो आणि खडखड करतो. काही ठिकाणी रस्त्यावर चालवायच्या गाडीत त्यावर बंदीही असते. स्पर्धेच्या गाडीत त्याला जागा आहे.

बॉल जॉइंटही बदलावेत का?

मोठे टायर लावले असतील तर होय, आणि टाय रॉडच्या आधी. ग्रीस भरायची सोय असलेले घ्या आणि ग्रीस खरंच भरा.

स्टिअरिंग बॉक्सला ब्रेस लावून उपयोग होतो?

होतो, ठराविक गाड्यांत. मोठ्या टायरचा जोर पिटमन आर्ममधून सेक्टर शाफ्टवर येतो, आणि शाफ्ट एकाच बाजूने आधारलेला असतो. ब्रेस त्याला दुसऱ्या बाजूने आधार देतो. काही ब्रेस शाफ्टऐवजी बॉक्स आणि चासी बांधून घेतात. जुन्या जीप चेरोकी एक्सजेमध्ये बॉक्सच्या जागी चासीला तडे जायचे, तिथे असा आधार खरोखर लागतो. पण ब्रेस लावण्याआधी बॉक्सचे बोल्ट टॉर्कप्रमाणे आवळा आणि चासीला तडा आहे का ते कापडाने पुसून पाहा. हे न करता लावलेला ब्रेस तडा फक्त झाकतो.

माझी गाडी इंडिपेंडंट सस्पेन्शनची आहे. मी काय मजबूत करू?

इथे टाय रॉड आखूड आणि बारीक असतात, आणि रॅक महाग. टाय रॉड इतका जाड केला की तो वाकतच नाही, तर पुढचा फटका थेट रॅकवर जातो: रॅकच्या दातांवर, हाउसिंगवर. टाय रॉड अर्ध्या तासात बदलता येतो. रॅक रानात कुणी बदलत नाही.

म्हणून मी इथे जपून पुढे जायला सांगतो. मूळ मापाच्या टायरवर मूळ टाय रॉड ठेवा आणि एक जोडी सोबत बाळगा. टायर बरेच मोठे केले असतील आणि दगडांवर जायचंच असेल, तर टाय रॉड आणि रॅक एकत्र विचारात घ्या. ब्रॉन्कोचे अनेक मालक रॅप्टर मॉडेलचे जाड भाग बसवतात, कारण ते एकमेकांशी जुळवून बनवलेले असतात. आणि चाक अडकलेलं असताना स्टिअरिंग रेटू नका. थोडं मागे घ्या, चाक मोकळं करा, मग वळवा. टाय रॉड वाचवणारा यापेक्षा चांगला सुटा भाग मला माहीत नाही.

हायड्रॉलिक असिस्ट लावावा का? इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर?

३७ इंचांपुढचे टायर आणि लॉकर असलेल्या सॉलिड ॲक्सलच्या गाडीत असिस्टने खूप फरक पडतो. टाय रॉड आणि ॲक्सल यांच्यामध्ये एक सिलिंडर बसतो आणि बॉक्समधून येणाऱ्या तेलाच्या दाबाने चाक ढकलतो. त्यामुळे बॉक्स आणि ड्रॅग लिंकवरचा भार कमी होतो. सोबत जास्त तेल पुरवणारा पंप आणि तेल थंड करणारा कूलर लागतो. सिलिंडरचा दांडा शेवटच्या टोकाला जाण्याआधी नकलचे स्टॉप टेकले पाहिजेत, नाहीतर सिलिंडरच स्टॉप बनतो आणि काहीतरी मोडतं. २०१८ पासूनच्या रँग्लरमध्ये पंप विजेवर चालतो, म्हणून तिच्यासाठी खास जुळवलेला संचच घ्या.

पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये चाकांशी यांत्रिक जोडणी नसते. ते रस्त्यासाठी नाही.

रॅकवर किंवा कॉलमवर मोटर असलेल्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये नुसता जोर वाढवायचा मार्ग नाही. काम झाल्यावर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणावा लागतो. गाडीत लेन राखणारी यंत्रणा असेल, तर तिचंही कॅलिब्रेशन.

हे काम स्वतः करता येईल?

टॉर्क रेंच वापरायची सवय असेल तर येईल. काही गोष्टींत मात्र तडजोड नको. स्टिअरिंगच्या दांड्याला वेल्डिंग करायचं नाही, पिटमन आर्म तापवून वाकवायचा नाही. खाचांचा नट टॉर्कपर्यंत आवळल्यावर पिनचं भोक जुळलं नाही, तर नट सैल करू नका, पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा. रबरी बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कंट्रोल आर्मला किंवा ब्रेकच्या पाइपला घासत नाही ना, ते सस्पेन्शन दाबलेलं आणि लोंबतं अशा दोन्ही अवस्थांत पाहा. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे नट परत तपासा.

तेलाची यंत्रणा उघडली असेल, तर हवा काढताना इंजिन बंद ठेवा, पुढची चाकं उचला आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा हळू फिरवा. तेलात फेस दिसत असेपर्यंत हवा आहे. आणि स्टिअरिंग टोकाला दाबून धरून ठेवू नका, तेल तापतं.

टो घरी जुळवता येतो का? आणि स्टिअरिंग वाकडं राहिलं तर?

टो म्हणजे वरून पाहिल्यावर पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. सॉलिड ॲक्सलवर तो घरी जुळवता येतो. दोन्ही पुढच्या टायरवर खडूने बारीक रेघ मारा. हबच्या उंचीवर टायरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूने दोन रेघांमधलं अंतर टेपने मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दीड ते तीन मिमी कमी असलं की साधारण ठीक. टाय रॉडने टो बदलतो आणि ड्रॅग लिंकने स्टिअरिंग मधोमध येतं, म्हणून आधी टो जुळवा, मग स्टिअरिंग. शेवटी लॉक नट आवळायला विसरू नका. स्टिअरिंग वाकडं सोडलं, तर स्थिरता राखणाऱ्या यंत्रणेला गाडी वळतेय असं वाटतं आणि ती नको तेव्हा ब्रेक लावते. तात्पुरतं काम झाल्यावर चांगल्या ठिकाणी अलाइनमेंट करून घ्याच.

रानात टाय रॉड वाकला तर?

आधी पाहा, वाकलंय काय. टाय रॉड गेला, तर दोन चाकांचा एकमेकांशी संबंध बिघडतो. ड्रॅग लिंक तुटली, तर स्टिअरिंगच राहत नाही आणि गाडी जागची हलवायची नाही.

माझा टाय रॉड एकदा ओढ्यातल्या दगडावर इतका वाकला की दोन्ही चाकं एकमेकांकडे पाहू लागली. टाय रॉड ॲक्सलच्या पुढे असेल, तर आखूड झाल्यावर चाकं अशी आत वळतात. तो मागे असेल, तर बाहेर. मी रॉड काढला, झाडाच्या बुंध्याचा आधार घेऊन विंचने शक्य तेवढा सरळ केला, लॉक नट सोडून फिरवला आणि टो डोळ्यांनी जुळवला. मग जॅकचा दांडा त्याला लागून रॅचेट पट्ट्यांनी घट्ट बांधला, आणि माणसाच्या चालीने डांबरी रस्त्यापर्यंत आलो. तो रॉड मी परत वापरला नाही. सरळ केलेलं पोलाद दुसऱ्यांदा त्याच जागी आधी वाकतं. तेव्हापासून एक टाय रॉड एंड, दोन खाचांचे नट, मूठभर स्प्लिट पिन, दोन रॅचेट पट्ट्या आणि योग्य मापाचा पाना गाडीतून कधी बाहेर काढलेला नाही.